धुळ्याचं पाणी

६ फेब्रुवारी १९६७, सोमवार. जळगाव

तिसरं स्थळ, आणि तेही लटकलं. आज धुळ्याहून सांखलांचा निरोप आला. मुलगी पसंत आहे, घर पसंत आहे, फक्त मदनलालजींची, म्हणजे माझ्या बापूजींची, जन्माची साख तेवढी कळवा.

तेवढी! म्हणे तेवढी!

कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. ही डायरी बापूजींच्या सरकी-पेंडेच्या दुकानात गिरणीवाल्याने दिलेली. दादीला वाचता येत नाही, आणि बाईला, म्हणजे माझ्या आईला, माझं मराठी अक्षर लागत नाही. त्यामुळे या घरात मला हवं ते बोलायला हीच एक जागा आहे.

आमच्यात लग्न जुळवताना चार साखा टाळतात. बापाची, आईची, आजीची आणि नानीची. साख म्हणजे गोत्र, आडनावच म्हणा. मुलाच्या चार आणि मुलीच्या चार, त्यात एक जरी सारखी निघाली तरी लग्न होत नाही. आमच्या चार मी झोपेतसुद्धा सांगेन. पण बापूजी गोद, म्हणजे दत्तक, आलेले. दादाजींना मूलबाळ नव्हतं, म्हणून दादीने पाच वर्षांच्या बापूजींना कुठूनसं आणलं आणि छाजेड केलं. गोद आलेल्याची जन्माची साखही टाळावी लागते. आणि ती कुणालाच ठाऊक नाही. दादी सांगत नाही. बापूजींना विचारलं तर म्हणतात, आठवत नाही. पाच वर्षांच्या पोराला आपलं आडनाव आठवत नाही होय? मला तर तिसऱ्या वर्षी पडून तुटलेला दातसुद्धा आठवतो.

मला बाविसावं सरलं. मॅट्रिक होऊन घरात बसले आहे. या घराला बाहेर जायला दार एकच, आणि त्या दारात झमकूदादीची खाट. देवळात जायचं तरी तिला सांगून, आल्यावर पुन्हा हजेरी. धुळ्याचा पारसमल बघायला आला होता तेव्हा चिवड्यातली मिरची त्याला लागली. डोळ्यांत पाणी आलं, पण सगळ्यांसमोर प्यायला मागेना, लाजला. मीच तांब्या पुढे केला. त्यावरून दादीने मला पोटभर ऐकवलं. ऐकवू दे. तो माझ्याकडे बघून हसला होता. मला तिथेच जायचं आहे.

११ फेब्रुवारी

दादीला सरळ विचारलं. म्हटलं, दादी, बापूजींना कुठून आणलं ते एकदा सांगून टाक, माझं लग्न अडलंय.

ती म्हणाली, "त्याला एकच घर आहे. हे."

"अगं पण त्याआधी?"

"त्याआधी काही नाही. आणि धुळं नकोच. दुसरं गाव बघा."

धुळ्याने तिचं काय घोडं मारलंय कोण जाणे. बापूजी तिथेच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. नंतर मला म्हणाले, "जाऊ दे बेटा, म्हातारं माणूस." त्यांचं हे जाऊ दे ऐकून ऐकून माझे कान किटले. मोठं दुकान चालवतात, हमालांवर ओरडतात, आणि खाटेपुढे आले की त्यांचं मांजर होतं.

भांडी घासता घासता बेबाबाई हसत होती. ती लहानपणापासून आमच्याकडे. मी म्हटलं, तुला काही माहीत आहे का गं? तर म्हणाली, "माले काय माहीत, माय! पन तुना बाप धुयाथून येस ना, तवय त्यानं तोंड माहेरथून येल बाईनागत दिखस."

बापूजी महिन्यातून एकदा पेंडेच्या सौद्याला धुळ्याला जातात. सौदा चांगला होत असेल, म्हणून खुशीत येत असतील. बेबाबाईला प्रत्येक गोष्टीत माहेरच दिसतं.

२० फेब्रुवारी

आमचा कुळाचा भाट मारवाडातून दरवर्षी येतो, तसा काल आला. सात पिढ्या गाऊन दाखवल्या, शेर शेर तूप जिरवलं. मी पडद्याआडून बाईकडून विचारवलं, मदनलालजींचं जन्मघर कोणतं? तो म्हणाला, ते आमच्याकडे नाही, ते त्या घरच्या भाटाकडे असणार. मग त्या घरचा भाट कोण? तर म्हणे, घर कुठलं ते सांगा, म्हणजे भाट सांगतो.

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले, आणि मग रडले.

मग बाईच म्हणाली, "धुळ्याच्या सज्जनकाकींना विचारून बघ. त्यांना सगळ्या खानदेशातल्या ओसवालांची कुळं पाठ आहेत." आणि लगेच म्हणाली, "मी सांगितलं असं म्हणू नकोस."

मला आधी का सुचलं नाही! सज्जनबाई टाटिया म्हणजे बापूजींच्या ओळखीच्या, सांखलांच्याच गल्लीत एका खोलीत राहतात. नवरा तरुणपणीच गेला, एक मुलगा होता तो हैज्याच्या साथीत गेला. पापड-वड्या करून देतात. बापूजी सौद्याला गेले की त्यांच्याकडेच जेवतात, आणि त्या दरवेळी माझ्यासाठी मुगाच्या वड्या धाडतात. लहानपणी मी दोन-तीनदा गेलेही होते.

४ मार्च, शनिवार

दादीला सांगितलं, डोळे दाखवायला धुळ्याला जाते. जळगावात काय डोळ्यांचे डॉक्टर नाहीत का, म्हणाली. बापूजी चक्क पहिल्यांदा मधे बोलले, "येऊ दे तिला." मीच चाट पडले.

एस.टी.त माझ्या पोटात भूक पेटलेली. पारोळ्याला गाडी थांबली तर बापूजी भजी घेईनात. म्हणाले, "भूक मारू नकोस. काकींनी केलेलं असेल."

केलेलंच होतं. गट्ट्याची भाजी, बाजरीच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. काकी समोर बसून वाढत होत्या. बोलताना मात्र किती अदब! "मदनलालजी, अजून एक घ्या. मदनलालजी, तूप कमी झालं का?" वयाने केवढ्या मोठ्या, तरी अहो-जाहो. आणि बापूजी, जे घरी भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाहीत, ते इथे म्हणाले, "चटणी जरा अळणी झालीय." मला लाजच वाटली. लोकांच्या घरी असं बोलतात का? पण काकींना राग आला नाही. उलट केवढ्या हसल्या.

जेवण झाल्यावर बापूजी सौद्याला गेले आणि मी माझं गाऱ्हाणं मांडलं. काकी पापडाचं पीठ मळत होत्या.

"मुलाकडच्या साखा काय काय आहेत?" त्यांनी विचारलं.

"बापाची सांखला, आईची कोचर, दादीची बोथरा, नानीची टाटिया. म्हणजे तुमचीच, काकी!"

त्यांचा हात थांबला. वय झालं, दम लागत असेल. मी म्हटलं, द्या मी मळते. त्यांनी दिलं नाही.

"तुला तो मुलगा आवडला?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. मी म्हटलं, "हो. आणि मला त्या घरातून बाहेर पडायचंय काकी. नाहीतर मी तिथेच म्हातारी होईन, दादीची खाट मला मिळेल." बोलता बोलता रडूच फुटलं.

त्यांनी पिठाच्याच हाताने माझी हनुवटी धरली, इकडून तिकडून चेहरा बघितला. म्हणाल्या, "आठवून ठेवते. पुढच्या खेपेला ये."

म्हणजे त्यांना माहीत आहे! मग आजच सांगायला काय झालं होतं?

१९ मार्च, रविवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

आज पुन्हा गेलो. बापूजींच्या ताटात वाढता वाढता काकी म्हणाल्या, "आठवलं हो चंचल. तुझे बापूजी सोजतकडच्या कांकरियांचे. आईबाप हैज्यात गेले. मागे कुणी उरलं नाही. झमकूबाईंनी पोर उचलून आणलं, त्यांचे उपकारच."

कांकरिया! चारांतही नाही, आठांतही नाही! मी तिथल्या तिथे टाळ्या पिटल्या.

बापूजींचा घास हातातच होता. त्यांनी काकींकडे बघितलं. काकी भाकरी थापायला वळल्या होत्या. मी म्हटलं, "बापूजी, बरोबर ना? आठवतं का काही?"

घास परत ताटात ठेवून म्हणाले, "काकी म्हणतात तेच."

बिचाऱ्यांना आत्ता कुठे कळलं की आपले आईबाप कधीचेच वारले. मलाच वाईट वाटलं. येताना एस.टी.त मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी विचारलं, "तुला हे स्थळ नक्की हवंय ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग झालं."

२७ मार्च

धुळवड. दादीला कांकरियांचं काल सांगितलं. मला वाटलं, आता खाटेवरून उठून मारायला धावणार. तर कुठलं काय! खाटेवरच उठून बसली. मग म्हणाली, "असं सज्जनबाई म्हणाली? स्वतःच्या तोंडाने?" मी म्हटलं, हो. तर म्हणाली, "शहाणी आहे."

आणि आज सकाळी सगळ्यांसमोर, "द्या धुळ्याला. स्थळ चांगलं आहे." बाईच्या हातातली परात पडायची बाकी राहिली.

वर बापूजींना म्हणाली, "एक लक्षात ठेव मदन. आपल्यात लेकीच्या गावचं पाणी पीत नाहीत. नुसतं लेकीच्या घरचं नव्हे, गावचं. कुणाच्याही घरी. तुझ्या दादाजींनी मरेपर्यंत पाळलं."

बापूजी म्हणाले, "पाळतात हल्ली कोण?"

"आपण पाळतो. हे घर रीत पाळेल असा पंचांपुढे मी शब्द दिलाय. तू माझा मुलगा आहेस ना?"

बापूजी हात धुवायला उठले ते कितीतरी वेळ मोरीतच होते. मला तर हसूच आलं. माझं लग्न ठरतंय आणि यांचं पाण्यावरून! पेंडेचे सौदे काय उपाशीपोटी होत नाहीत? पण दादी आज हसली. मी तिला हसताना बघितल्याचं आठवत नाही.

९ एप्रिल

आज सांखलांकडची मंडळी टीक्याला, लग्न पक्कं करायला आली. साक्षीला सज्जनकाकींना घेऊन आले. काकी आमच्या घरी कधीच आल्या नव्हत्या. आजही आत आल्याच नाहीत. ओट्यावरच बसल्या. मी हात धरून ओढलं, तर म्हणाल्या, "माझे गुडघे उंबरा चढत नाहीत, बेटा." अहो, धुळ्याच्या घराच्या पायऱ्या चढता त्या कशा? पण म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार. दादी आत खाटेवर, काकी बाहेर ओट्यावर, मधे उंबरा. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिकडून सांखलांच्या थोरल्या आबांनी विचारलं, "सज्जनबाई, मदनलालजी कुणाचे?"

काकींनी बाहेरून खणखणीत सांगितलं, "कांकरियांचे."

"मदनलालजी, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

बापूजी दाराकडे बघत होते. मला भीती वाटली, आता हे पुन्हा आठवत नाही म्हणतात की काय! मी पडद्याआडून मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा ना, म्हणा ना एकदाचं.

"मी कांकरियांचा," ते म्हणाले. "माझे आईवडील वारले."

गुळाचा खडा फिरला. लग्न आखातीजचं, अक्षय्य तृतीयेचं धरलं. मी काकींना वाकून नमस्कार केला तर त्यांनी पदराने डोळे टिपले. ऊनही मेलं केवढं होतं आज. आतून दादीने त्यांच्यासाठी लाडूंचा डबा पाठवला. काकींनी तो घेतला, आणि जाताना बेबाबाईच्या हातात ठेवून गेल्या.

३० एप्रिल, रविवार

काकींना पत्रिका द्यायला बापूजी निघाले, मीही मागे लागून गेले. म्हटलं, लग्नाआधी आणखी एकदा गल्ली बघून घेऊ.

आज बापूजींचं जेवण बघून मी थक्क झाले. भाकरीवर भाकरी. भाजी संपली तर पातेलं पुसून घेतलं. मी डोळ्यांनी खुणावलं, बापूजी, पुरे! काकींना काय उरणार? तर काकीच मला म्हणाल्या, "खाऊ दे गं." त्यांनी त्यांच्या वाटची भाकरीही त्यांच्याच ताटात टाकली. शेवटी बापूजी तांब्याभर पाणी प्याले, आणखी मागितलं, तेही प्याले. काकींनी तिसऱ्यांदा तांब्या भरला. तो मात्र दोघांच्या मधे तसाच राहिला. कुणी उचलेना. मीच कंटाळून उचलला आणि पिऊन टाकला.

गाडीत बापूजींचे डोळे लाल. म्हणाले, पेंडेची धूळ. आज तर आम्ही गिरणीकडे फिरकलोही नव्हतो.

११ मे

उद्या लग्न. हातांवरची मेंदी ओली आहे, म्हणून अक्षर असं. बेबाबाई सकाळपासून फणफणतेय. "आखाजीले लेकी माहेरले येतीस, झोके घेतीस, अन् तुम्ही पोरले सासरले धाडतंस! बठ्ठं उफराटं शे तुमचं." खरंच, शेजारच्या वाड्यात लिंबाला झोका बांधलाय आणि पोरी गाताहेत.

दादीने बापूजींना जवळ बसवून घेतलंय. त्यांचा हात धरून ठेवलाय, सोडत नाही. मला पहिल्यांदाच तिची कीव आली. म्हातारी घाबरलेली दिसते. कशाला घाबरते? जाणार तर मी आहे.

४ जून, रविवार. धुळे

ही डायरी लुगड्यांच्या घडीत घालून आणली. पण इथे सासूबाईंना मराठी छान वाचता येतं. म्हणून हे शेवटचं, आणि लिहून झालं की वही चुलीत.

हे चांगले आहेत. गमती सांगतात, मिरची अजूनही सोसत नाही. पण या घरालाही दार एकच आहे, आणि त्याच्या शेजारी सासूबाईंची चौकी.

आज दुपारी बापूजी आले. बाहेर नुसती आग. ओठांना पापडी आलेली, आवाज फुटत नव्हता. सासूबाईंनी पाण्याचं विचारलंसुद्धा नाही, लेकीच्या बापाला विचारायची रीत नाही. मीच आत तडफडत होते. म्हटलं, बापूजी, एक घोट. ते म्हणाले, "पारोळ्याच्या स्टँडवर पोटभर पिऊन घेतो. आता जाताना पुन्हा पारोळ्यालाच." मग म्हणाले, "जरा टाटियाकाकींना भेटून जातो."

थोड्या वेळाने सासूबाईंनी मला लोणच्याची बरणी दिली. म्हणाल्या, "म्हातारीला देऊन ये, साक्ष दिली तिने तुझ्यासाठी."

काकींचं मागचं दार उघडं होतं. बापूजी न्हाणीच्या दगडावर बसले होते, टोपी काढलेली, सदरा काढलेला, गुडघे पोटाशी. काकी घागरीतून त्यांच्या डोक्यावर पाणी घालत होत्या, दुसऱ्या हाताने केस चोळत होत्या. पाणी कपाळावरून, गालांवरून, ओठांवरून वाहत होतं. बापूजींनी तोंड घट्ट मिटलेलं. एक थेंब आत जाऊ देत नव्हते.

"प्यायची बंदी आहे, न्हायची नाही रे," काकी म्हणत होत्या. "डोळे मीट, मदन. साबण जाईल."

मदन.

मी दारातच उभी राहिले. बापूजींची आई. माझी दादी. मी सगळ्या जगाला विचारत सुटले, आणि शेवटी तिच्याकडे जाऊन म्हटलं, तुझा मुलगा कुणाचा ते सांग. आणि तिने माझ्या रडण्याकडे बघून सांगितलं, माझा नाही. तिने दुसऱ्यांदा देऊन टाकला. माझ्यासाठी! आणि मी टाळ्या पिटल्या. तो तिसरा तांब्यासुद्धा मीच प्याले, मेली मी!

मग टाटिया आठवलं. बापूजींची जन्माची साख, आणि आमच्या यांच्या नानीचीही. हे कुणाला कळलं तर हे लग्न लग्न नाही. काकी खोटी साक्ष देणारी ठरेल, बापूजी पंचांपुढे खोटे ठरतील, आणि मी कुणाची? यांना सांगू? हे बिचारे मिरचीसुद्धा गिळू शकत नाहीत, हे कसं गिळतील?

काकींनी मला बघितलं. घागर खाली ठेवली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बापूजींचे डोळे मिटलेलेच होते.

"ये चंचल," काकी म्हणाल्या. "मदनलालजींना ऊन लागलं होतं."

मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. मी म्हटलं, "हो काकी." बरणी कोनाड्यात ठेवली आणि पदर ओढून परत आले. वाटेत मला जी हाक मारायची होती ती तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितली. पुढे कधी म्हणता येणार नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते म्हातारी?"

"बऱ्या आहेत."

"आणि माझी बरणी? रिकामी करून आणायची होती ना?"

"विसरले," मी म्हटलं. "उद्या जाऊन आणते."

उद्या तिथे पुन्हा काहीतरी विसरून येईन.